सालीखाली

धाकटी बहीण झाडाला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, हे मी तोडू देणार नाही. थोरलीच्या हातात कुऱ्हाड होती. मागे दोघींचा पाइनचा उतार पसरला होता. त्याच्यावरच दोघींचं पोट.

झाड वरून हिरवंगार. सालीवर जागोजागी झाडाने सोडलेल्या चिकट राळेचे गोळे, आणि त्यात बुडून मेलेले भुंगे. धाकटीचं म्हणणं, झाड झगडतंय, पाऊस पडेपर्यंत त्याला सवड दे. थोरलीने समजावलं की मेलेत ते फक्त आधी आलेले. एखादा जरी आत शिरला तरी वास सोडून बाकीच्यांना बोलावतो. मग हजारो तुटून पडतात, तहानलेल्या झाडाची राळ संपते, हे भुंगे संपत नाहीत. आतली पिलावळ उडाली की सगळा उतार गेला.

"बाजूला हो."

"नाही."

थोरलीने तिला दंडाला धरून ओढलं. धाकटीने कुऱ्हाडीचा दांडा पकडला. दोघी झोंबत राहिल्या. थोरलीने हिसका दिला आणि दांडा धाकटीच्या तोंडावर बसला. ओठ फाटला, ती मटकन खाली बसली. थोरलीने तिच्याकडे पाहिलंही नाही. पातं घालून तिने साल उचकटली.

साल हातभर सोलून आली. आत उभे बोगदे, त्यांना दोन्ही बाजूंनी फुटलेल्या बारीक वाटा, आणि प्रत्येक वाटेच्या टोकाला तांदळाएवढी पांढरी अळी. अळ्या खात होत्या. वाटा एकमेकींना भिडल्या होत्या. खालचं लाकूड बुरशीने निळसर पडलं होतं.

धाकटी उठली. हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. तिने एका अळीवर अंगठा दाबला. मग दुसरीवर. मग दोन्ही हातांच्या नखांनी ती साल ओरबाडू लागली. थोरली म्हणाली, राहू दे, जाळायचंच आहे सगळं. ती ऐकेना. तिने थोरलीच्या हातातून कुऱ्हाड घेतली.

झाड आडवं झालं तरी ती थांबली नाही. थोरलीने दोनदा सांगितलं, जरा दम खा, तोंड धू. तळहात सोलले तरी ती खोड सोलतच राहिली. सालींचा ढीग पेटला, अळ्या तडतडू लागल्या, तेव्हा कुठे ती वळली.

"पुढचं कुठलं?"

थोरलीच्या पाहण्यात अजून दोन किडलेली झाडं होती. धाकटीच्या सोललेल्या हातांकडे पाहून तिला त्यांच्याकडे बोट दाखवेना.