ताईच्या गोळ्या

पट्टीवर दुसरी रेघ हळूहळू गडद होत गेली. बाथरूमच्या दारावर नवऱ्याची टकटक चालूच होती.

“काय झालं? आली का? अगं, बोल की!”

तिने दार उघडलं. त्याने पट्टी पाहिली, तिला उचललं आणि तिथल्या तिथे गिरकी घेतली. तिचा पाय लागून कपड्यांची बादली उलटली. तो हसत सुटला. ती रडायला लागली. आनंदाने रडतेय, असं त्याला वाटलं.

कपाटात, स्वेटरच्या घडीखाली, एक गोल डबी होती. डबीत पिवळसर, मऊ, काचेसारख्या गोळ्या. गेले कित्येक आठवडे जेवण झालं की ती त्यातली एक गुपचूप गिळत होती.

ती दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसायची. आत येणाऱ्याची पहिली नजर तिच्यावरच पडायची. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने आलेली खोल, ठणकणारी मुरुमं कितीही पावडर थापली तरी लपत नव्हती. “लग्नानंतरही पिंपल्स?” असं कुणी म्हटलं की ती उगाच फोन उचलून कानाला लावायची.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी तिला रात्री लावायचं मलम आणि सकाळसाठी जेल दिलं होतं. “फोडायचं नाही, घासायचं नाही. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. आधी जरा वाढल्यासारखंच वाटेल,” असं त्यांनी बजावलं होतं. झालंही तसंच. कातडी सोलली, आग आग झाली, आणि तिने ट्यूब कचऱ्यात टाकली.

थोरल्या बहिणीचा चेहरा मात्र गोळ्यांनी लख्ख झाला होता. तीच गोळी हवी म्हणून ती ताईच्या मागे लागली.

“डॉक्टर रक्त तपासून देतात गं त्या. ऊठसूट कुणीही घ्यायच्या नसतात,” ताई म्हणाली.

पण धाकटी इरेला पेटली. रडली, रुसली, नाहीतर कुठूनही मिळवीन म्हणाली. शेवटी ताईने डबी भरून दिली. संपली की पुन्हा भरून द्यायची. चेहऱ्यात काडीचा फरक पडेना. “धीर धर,” एवढं म्हणून ताई विषय बदलायची.

ताईच्या गोळ्यांच्या पाकिटावर पोटुशा बाईचं चित्र होतं आणि त्यावर लाल फुली. धाकटीने ते पाहिलं होतं. इतकी वर्षं झालं नाही, ते आता काय होणार, असं म्हणून तिने नजर फिरवली होती.

आता ती डबी पर्समध्ये टाकून ती डॉक्टरीणबाईंकडे निघाली. वाटेत सासूबाईंचा फोन आला. “सूनबाई, जिने जपून चढ हं. आणि आजपासून जड काही उचलायचं नाही.” “हो,” म्हणून तिने घाईने फोन ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी एक गोळी उजेडात धरली. “कुणी लिहून दिल्या?”

“कुणी नाही. बहिणीच्या मुरुमांच्या आहेत. आणि मी गरोदर आहे.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात बोलल्या. “बाळाचा मेंदू, हृदय, कान, सगळं याच दिवसांत घडत असतं. ही तीच मुरुमांची गोळी असेल, तर ती नेमकी त्यातच बाधा आणते. दर वेळी तसं होतंच असं नाही. पण काळजी करू नका, असं मी तुम्हाला म्हणू शकत नाही. आता एकही घ्यायची नाही. सुट्या गोळीवरून मला नक्की सांगता येत नाही, पाकीट घेऊन या. मग लगेच प्रसूतीच्या डॉक्टरांकडे जाऊ.”

ताई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. चारी भिंतींवर आरसे, म्हणून धाकटी तिकडे फिरकत नसे. आज ती सरळ आत शिरली. प्रत्येक आरशात तीच होती, आणि पहिल्यांदाच तिला स्वतःची मुरुमं दिसली नाहीत. तिचा हात सारखा पोटाकडे जात होता.

ताई एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या कानामागे चष्म्याची काडी बसवत होती. धाकटीने तिला दंडाला धरून बाजूला ओढलं.

“मला दिवस गेलेत.”

ताईच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला.

“तुझ्या गोळ्या मी रोज घेतल्यात, ताई. कालपर्यंत. बाळाला काही झालं तर घरच्यांना काय सांगू? माझ्या तोंडासाठी मी…”

ताई स्टुलावर मटकन बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिचे खांदे गदगदत होते. गिऱ्हाईक अर्धवट चष्म्यातून दोघींकडे बघत राहिलं. धाकटीला वाटलं, ताईच अशी कोसळली म्हणजे सगळं संपलंच.

“पाकीट दे,” ती कशीबशी म्हणाली. “डॉक्टरांना दाखवायचंय.”

ताईने हात खाली घेतले. तिचे डोळे वाहत होते, पण ती हसत होती.

“हवं तर दोन थोबाडीत मार मला,” ती म्हणाली. “नाही म्हटलं असतं तर तू बाहेरून आणून खाल्ल्या असत्यास, म्हणून हो म्हटलं. वेडाबाई, माझी एकही गोळी मी त्या डबीत कधी टाकली नाही, नुसत्या व्हिटॅमिन ईच्या भरत होते!”