नऊ पावलांना पास नाही

"हा दुकानातला पुतळा आहे," कस्टमचे साहेब म्हणाले आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं.

त्यांना तरी काय बोलणार? बेलापूरच्या त्या पटांगणात लिंबाला टेकवून पुतळा बसवला होता. अंगात शर्ट, खाली पँट, डोक्यावर टोपी. नुसता किमतीचा कागद गळ्यात अडकवायचा बाकी होता. शॅरनताईंनी कपाळावर हात मारला.

त्यांच्या ट्रेनिंग सेंटरात पोरी सुरक्षारक्षकाचं काम शिकायच्या. बेशुद्ध पडलेल्या माणसाला ओढून बाहेर कसं काढायचं, हे शिकवायला त्यांनी हा रबरी माणूस परदेशातून मागवला होता आणि कागदावर तसंच लिहून दिलं होतं. बंदरावर कुणाला ते पटलं नाही. माल तात्पुरता सोडला आणि खरंखोटं बघायला साहेब गाडी घेऊन इथवर आले. पुतळा ठरला, तर खोटं लिहिलं म्हणून जप्त होणार. मग पुढच्या महिन्यात ड्युटीवर जाणाऱ्या बावीस पोरींनी पुन्हा वाळूची पोती ओढायची. पोत्याला ना हात ना पाय, ते काय शिकवणार, डोंबल!

"ह्याला कपडे कुणी घातले?" ताईंनी विचारलं.

"म्या," स्वयंपाकाच्या गोजरबाई चुलीपासूनच म्हणाल्या. "पोरीबाळी दिसभर कवेत धरत्यात. बाप्या मानूस उघडा कसा ठिवायचा? घरात कापडं पडूनच हुती."

पोरी खिदळल्या. सातासमुद्रापलीकडून आला म्हणून त्या त्याला 'पाव्हणं' म्हणायच्या. ताईंनी डोळे वटारले तशा गप्प झाल्या.

सकाळीच माल सोडवणाऱ्या एजंटाचा फोन आला होता. "मॅडम, तुमची सगळी हकिकत सांगून टाका. साहेब विरघळतील."

"रडून सोडवलेला माल मला नको," ताई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. बाई हट्टी. एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी नाहीच.

"साहेब, पुतळा आहे ना हा?" आता त्या म्हणाल्या. "मग उभा करून दाखवा."

साहेबांनी ड्रायव्हरला खूण केली. ड्रायव्हरनं पाव्हण्यांना कमरेला धरून उचललं, कसंबसं उभं केलं आणि हात सोडला. गुडघे दुमडले, मान लटकली आणि पाव्हणं ड्रायव्हरला घेऊन खाली आलं. अगंबाई! दोन पोरींनी धावत जाऊन ड्रायव्हरला खालून काढलं.

"दुकानातला पुतळा वर्षभर उभा राहतो," ताई म्हणाल्या. "हा क्षणभर राहत नाही. पडलेल्या माणसासारखाच बनवलाय तो."

साहेब माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा पक्का. त्यांनी फाईलचं पान उलटलं. "मग व्यायामाचं साहित्य म्हणावं लागेल. कंपनीच्या कॅटलॉगमध्ये पन्नास, सत्तर आणि ऐंशी किलोचे आहेत. तुम्ही मुद्दाम एक्क्याण्णव किलोचा करून घेतलात. वजन उचलायलाच ना?"

"माणसं कॅटलॉग बघून पडत नाहीत, साहेब."

"पण एक्क्याण्णवच का?"

"तेवढाच पाहिजे होता." ताईंचा आवाज जरा चढला. "व्यायामाच्या वस्तूला धरायला मूठ असते. ह्याला कुठं धरता, बघा तुम्हीच."

साहेबांनी बाह्या सरसावल्या. हात धरला, तर हात निसटला. पट्टा धरला, तर डोकं मातीत घासायला लागलं. तीन पावलांतच घामाघूम होऊन ते पाव्हण्यांशेजारी बसले आणि बराच वेळ नुसतेच धापा टाकत राहिले. मग त्यांनी फाईल मांडीवर घेतली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "फक्त शिकवण्यासाठी बनवलेली वस्तू. दुसऱ्या कशालाही उपयोगी नाही. आयातदाराचं म्हणणं मान्य."

पोरींनी टाळ्यांनी पटांगण डोक्यावर घेतलं. ताई हसल्यासुद्धा नाहीत. "चला, सराव राहिलाय," एवढंच म्हणाल्या.

पटांगणात फक्कीच्या दोन रेघा होत्या. मधे दहा पावलं. साहेब चहा घेत होते तेव्हा रेश्माची पाळी आली. अंगानं पोर म्हणजे काडी. तिनं मागून पाव्हण्यांच्या काखेत हात घातले, दात खाल्ले आणि ओढायला लागली. पोरी पावलं मोजत होत्या. सात. आठ. नऊ. तिथं रेश्मा मटकन खाली बसली.

"ताई, पास करा ना."

"नऊ पावलांना पास नाही. पुन्हा पहिल्यापासून."

रेश्माच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांना राहवलं नाही. "अहो बाई, मी तीन पावलांत बसलो. पोरीनं नऊ ओढलंय. एका पावलानं असं काय होतंय?"

ताई रेघेकडं बघत राहिल्या.

गोजरबाई कपबश्या न्यायला आल्या होत्या. त्या वाकल्या, पाव्हण्यांच्या शर्टावरची माती झटकली आणि निघालेलं बटण लावायला लागल्या.

"गोडाऊनला आग लागली तवा ड्युटीवर दोघंच हुती, सायब. ही ताई आन आमचं मालक. एक्क्यान्नव किलोचा गडी. धुरात पडलं. हिनं एकटीनं नऊ पावलं वढलं."

त्यांनी कॉलर सारखी केली.

"दार धाव्या पावलावर हुतं."