दोष आधी, गुण नंतर

"आधी फोन करून यायचं असतं," बाई म्हणाल्या. "पण आलाच आहात तर या. पाय पुसा आधी."

तपासनीसांनी निमूटपणे पाय पुसले. नोकरीभर वजनमापं तपासून त्यांनी भल्याभल्या दुकानदारांना घाम फोडला होता, पण या बाईंपुढे त्यांची डाळ शिजेल असं काही दिसत नव्हतं.

"पत्नीसाठी जागा बघतोय," ते म्हणाले.

"बघा की. बघायला कुणाची ना आहे?" बाईंनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा चाचपला आणि त्या पुढे निघाल्या. "माझी एक पद्धत आहे. दोष आधी सांगते, गुण नंतर. मागाहून कटकट नको."

तपासनीसांना पद्धत पसंत होती. आज काहीही करून ठरवायचंच होतं. 'बाबा, होय का नाही ते एकदाचं सांगून टाका, खोली अशी अडवून ठेवता येत नाही,' असं मुलीनं सकाळीच फोनवर सुनावलं होतं. मग ते तसेच निघाले, दार नुसतं ओढून घेऊन. हल्ली ते कुलूप लावतच नसत. शेजारी त्यावरून ओरडायचे. पण चोर आलाच, तर निदान चार शब्द बोलायला कुणी मिळेल, असं त्यांना वाटायचं.

पहिलीच खोली उघडी होती. बाईंनी न्हाणीघरातला नळ सोडला आणि पाण्याखाली हात धरून त्या उभ्या राहिल्या. "गरम पाणी यायला वेळ लागतो. दोष." मग भिंतीवरच्या दांडीला त्या अख्ख्या लोंबकळल्या. तपासनीस घाबरून पुढे सरसावले. "अहो, पडत नाही मी. दांडी पक्की आहे. गुण."

"जेवण कसं असतं?"

"अळणी. रक्तदाब चौघींचा, शिक्षा सगळ्यांना. आणि कपडे धुवायला गेले की दुसऱ्याचेच परत येतात. माझा निळा स्वेटर गेला तो गेलाच, त्याच्या बदल्यात हे ध्यान आलं." त्यांनी अंगातल्या तपकिरी स्वेटरची बाही ओढून दाखवली. कोपरापाशी तो उसवला होता.

तपासनीसांनी एका पारड्यात स्वेटर टाकला, दुसऱ्यात दांडी. काटा काही केल्या स्थिर होईना.

बैठकीच्या खोलीत टीव्ही एकटाच ओरडत होता. खुर्च्या त्याच्याकडे पाठ करून दाराकडे वळवलेल्या होत्या, आणि प्रत्येक खुर्चीत एक म्हातारी होती. तपासनीस आत आले तेव्हा सगळ्यांनी एकदम माना वर केल्या आणि आपलं माणूस नाही हे बघून खाली घातल्या. तपासनीसांना उगाचच अपराध्यासारखं झालं.

"पहिला महिना घरचे सगळे येतात," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "फळं काय, फुलं काय. मग एकेकाला कामं निघतात. माझ्या मुली मात्र रोज वेणीफणी करून बसतात." इथल्या म्हाताऱ्यांना त्या मुलीच म्हणत. "हा सगळ्यात मोठा दोष. बरं, तुमच्या मिसेसना होतंय काय?"

"विसरते. गॅस चालू ठेवते. एकदा न सांगता बाहेर पडली, तर पार नदीच्या पुलापर्यंत गेली. आणि एकदा मी दूध घेऊन आलो, तर मला दारातच अडवलं. आत घेईचना. तासभर जिन्यात बसलो."

बाई मनापासून हसल्या. "मग बरोबरच केलं की तिनं! अनोळखी माणसाला घरात कोण घेतं?"

"तेही खरंच," तपासनीस म्हणाले आणि तेही हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

दोघं अंगणातल्या बाकावर टेकली. तपासनीसांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला आणि शेवटी विचारलंच. "बाई, खरं सांगा. तुमचं माणूस असतं, तर ठेवलं असतं इथे?"

जुडग्यातली एकेक किल्ली बाई बोटांनी सरकवत राहिल्या.

"आमच्या ह्यांची नोकरी फिरतीची," त्या म्हणाल्या. "घरी असले तरी पाहुण्यासारखे. मी हाक मारायची, आणि सगळं घर गप्प. इथे हाक मारली की कुणीतरी ओ देतं. कधी भलतंच माणूस देतं, पण देतं. घेऊन या त्यांना."

तपासनीस खाली मान घालून बुटांकडे बघत राहिले. काटा स्थिर झाला होता, आणि त्यांना फार वाईट वाटत होतं.

"पण येत जा हं. टाकून जाऊ नका."

"येईन."

"सगळे असंच म्हणतात."

तेवढ्यात एक मदतनीस पाण्याचा पेला घेऊन अंगणात आली. "चला बाई, गोळीची वेळ झाली. मग जरा पडा."

"पाहुणे आलेत, दिसत नाही का?" बाई कडाडल्या, पण तिचा हात धरून उठल्या. जाता जाता वळून म्हणाल्या, "पुढच्या वेळी फोन करून या."

किल्ल्यांचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला. तो थांबला तेव्हा तपासनीस उठले आणि फाटकाजवळच्या खोलीत गेले. तिथे संस्थेची तरुण व्यवस्थापक त्यांचीच वाट बघत होती.

"काय ठरवलंत, काका?"

"ठेवू या इथेच."

तिनं मान हलवली. "आणि किल्ल्यांचं काय? घर असं उघडं टाकून किती दिवस येणार तुम्ही? बाईंचा डोळा लागला की हळूच काढून आणून देते."

"नको, नको," तपासनीस घाईघाईनं म्हणाले. "लग्न झाल्यापासून आमच्या घराच्या किल्ल्या तिच्याचकडे असतात."