सूर्यातलं मीठ

"पिवळी रेघ दिसतेय!" लोलक बसवलेल्या नळीला डोळा लावून बसलेले म्हातारे प्रोफेसर क्राफ्ट ओरडले आणि वर्गात हशा पिकला.

प्रयोग दाखवणारा तरुण शिक्षक लोझे ज्योतीकडे वाकला. ज्योत नुसत्या गॅसची होती, तिच्यात चिमूटभरही काही टाकलेलं नव्हतं. लोलकातून बघितलं की पिवळी रेघ म्हणजे सोडियम, आपल्या मिठातलं. सूर्यप्रकाशात नेमकी त्याच जागी काळी रेघ असते, म्हणून सूर्यातही सोडियम आहे, असं तो वर्षभर घसा फोडून सांगत होता.

"काही न टाकता मीठ! अरे शहाण्या, मग सूर्याचं कसं खरं मानायचं?" क्राफ्टनी हातातलं ब्रेत्सेल, ती वर मीठ पेरलेली पावाची खरपूस गाठ, मोडून तुकडा तोंडात टाकला. "सूर्य कशाचा बनलाय हे माणसाला कधी कळायचं नाही. सोमवारपासून ही खोली वनस्पतीवाल्यांना. निदान पानं तरी वाळतील."

लोझे क्राफ्टच्या हाताकडे बघत राहिला. मग मागच्या बाकांकडे. आमच्या विद्यापीठात दुपारच्या व्याख्यानाला रिकाम्या हाती कोण येतो? जो तो ब्रेत्सेल चावत होता आणि वरचं जाडं मीठ मांडीवरून झटकत होता.

"गाढव आहे मी, गाढव!" लोझे किंचाळला. "खाली ठेवा ते! सगळ्यांनी! हात खिशात घाला आणि कुणी हलू नका!"

त्याने ओल्या फडक्याने टेबल पुसलं, ज्योत विझवून गॅसचं तोंड पुसलं, पुन्हा पेटवली.

"सर, आता?"

"आहे की... थांब. फिकी झाली." क्राफ्ट पुढे वाकले. "अरेच्चा! गेली जवळजवळ."

"आता जरा दाढी झटका. ज्योतीच्या बाजूला."

क्राफ्टनी डोळा न हलवता दाढीतून हात फिरवला. "आली! पेटलीच की रे!"

मग काय विचारता! बाकांवर मुठी आपटून पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला.

"तुमच्या दाढीतला मिठाचा कण या नळीपासून लपत नाही," लोझे हसत म्हणाला, "मग तिच्यापासून सूर्य कसा लपेल?"

त्याने ज्योत विझवली आणि खिडकीच्या फळीतली फट उघडली. उन्हाची तिरीप नळीत शिरली.

क्राफ्टनी डोळा नळीला आणखी चिकटवला. "काळी आहे," ते शेवटी म्हणाले. "पण जागा तीच."

"तिथली सोडियमची वाफ तेवढाच पिवळा प्रकाश वाटेत गिळते, सर."

बघायला रांग लागली. रांग दारापर्यंत गेली, तरी म्हातारा उठेना.

"सर, बाकीच्यांना बघू द्या ना."

"थांबू देत त्यांना!" क्राफ्ट खेकसले. नळीला लावलेल्या डोळ्यातून पाणी गालावर ओघळत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. "सोडियम झालं. आता सूर्यातलं लोखंड कुठं आहे ते दाखव."