मालक हयात असेपर्यंत

मोठे परदेशी साप पाळण्यावर आणि विकण्यावर बंदी आणणाऱ्या कायद्याचा मसुदा मी बाबांना वाचून दाखवला. आधीपासून घरात असलेला साप मालक हयात असेपर्यंत ठेवता येईल, पण दुसऱ्या कुणाच्या नावावर करता येणार नाही. मालकामागे तो सरकार ताब्यात घेईल.

बाबा काचेच्या पेटीतल्या अजगराकडे बघत म्हणाले, "हा अजून वीस वर्षं तरी जगेल गं. मी कुठला एवढा टिकतोय!"

महिनाभराने, हरकती पाठवायच्या शेवटच्या दिवशी, मी मसुद्यावर हरकत लिहिली : मालकाच्या मुलांना साप सांभाळण्याची मुभा द्यावी. पाठवणार, तेवढ्यात आईने माझा हात धरला.

"नको पाठवूस."

"आई, त्या मुक्या जिवावर अजून राग आहे तुझा?"

"राग कसला? तुझ्या बाबांच्या लाडक्या चिरंजीवांची पेटी रोज मीच पुसते."

"मग?"

आईने खिडकीतून खाली बोट दाखवलं. बाबा भरभर चालत कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीपाशी आले आणि न थांबता पुढे गेले.

"डॉक्टरांनी सांगून पाहिलं, मी रडून पाहिलं, तू अबोला धरून पाहिलास. ते कलम ऐकल्यापासून या माणसाने सिगारेटला हात लावलेला नाही. राहू दे तो कायदा आहे तसा."