रंगकाम होईपर्यंत

घराला रंग देऊन होईपर्यंत सांभाळ, म्हणून थोरल्या जाऊबाईंनी एकाच दिवशी आमच्याकडे दोन जीव आणून सोडले. एक काचेच्या पेटीतला इग्वाना, म्हणजे त्यांच्या लेकाने हौसेने आणलेला हातभर सरडाच, आणि दुसऱ्या आमच्या सासूबाई.

"अजिबात त्रास नाही गं. दोघंही फार गुणी. बसवलं तिथून हलत नाहीत."

इग्वाना खरंच हलत नव्हता. प्राण्यांच्या डॉक्टरांनी त्याचा जबडा चाचपला आणि मलाच झापलं. "हाडं मऊ पडलीत याची. ऊन नाही, हिरवा पाला नाही!"

दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी पदर खोचला. सकाळी पाला बारीक चिरायचा, त्याला कोमट पाण्यात डुंबवायचं, मग दोघांनी गॅलरीत उन्हाला बसून येणाऱ्याजाणाऱ्यांवर शेरे मारायचे. शेरे अर्थात एकट्या सासूबाईंचे.

रंगाऱ्यांचा एक महिना तीन महिन्यांनी संपला. जाऊबाई दोघांना न्यायला आल्या, तेव्हा इग्वाना पडद्याच्या दांडीवर चढून बसला होता. त्यांनी हात वर केला मात्र, त्याने शेपटीचा असा फटका हाणला की त्यांची पर्स थेट सोफ्याखाली.

"अग्गोबाई! आमच्याकडे किती शांत होता. बिघडवलंस तू याला!"

"शांत कसला? हलायचं त्राणच नव्हतं त्याच्यात," सासूबाई म्हणाल्या. मग सोफ्यावर ऐसपैस मांडी घालून बसल्या. "आणि हे बघ, मीपण बिघडलेय."