प्रतापरावांच्या खुर्च्या

भोपाळहून आलेल्या साहेबांना प्रतापराव चोपदारांचं काम पहिल्याच बैठकीत समजलं. पण तूर्त असं धरू की साहेब अजून इंदुरात आलेच नाहीत.

मध्य प्रदेश राज्य नुकतंच झालं होतं. राजधानी भोपाळला गेली, तशी इंदूरच्या कचेरीतली माणसंही तिकडे निघाली. ज्यांचं काम 'टेक्निकल' ठरेल, तेवढेच इथे राहणार होते; ते ठरवायला भोपाळहून साहेब येणार होते.

प्रतापराव समारंभाच्या खुर्च्या मांडत. कोण कोणाशेजारी बसणार, ही विद्या घराण्यात होळकर दरबारापासूनची. कोणते सरदार कोणत्या शेठजींवर पिढीजात रुसलेत, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. भोपाळात कोण कोणावर रुसतं, देव जाणे!

"कमी बोला," निघताना पत्नी भानुमतीबाईंनी बजावलं. "तोंडात पान ठेवूनच जा."

"वा! समजावल्याशिवाय साहेबाला माझी किंमत कशी कळणार?"

कचेरीत आधी घड्याळवाले बाबूराव आत गेले आणि लगेच बाहेर आले.

"मी काहीतरी पुटपुटलो, साहेब 'हं, हं' करत राहिले. टेक्निकल लिहून टाकलं, भिया!"

प्रतापरावांना त्यांची कीव आली. एवढी विद्या, आणि धड सांगता येऊ नये?

आत जाताच त्यांनी साहेबांच्या टेबलावरच दरबार भरवला. दौत म्हणजे सरदार, टाचण्यांची डबी म्हणजे शेठजी. रुसलेल्या दोघांमध्ये बहिरा पाहुणा घालायचा. पहिली रांग देता येत नसेल, तर पंख्याखालची खुर्ची द्यायची. वारा लागला की मान मिळाल्यासारखा वाटतो.

साहेब पुढे सरकले. त्यांनी स्वतःच दौत उचलून पंख्याखाली ठेवली.

"असं?"

"सोळा आणे बरोबर, साहेब!" प्रतापरावांचा ऊर भरून आला. सात पिढ्यांत कोणा परक्याला हे उमगलं नव्हतं.

"समझ गया. सब समझ गया!" साहेबांनी उठून हात मिळवला. "कमाल आहे तुमची, प्रतापरावजी. इतकं साफ कोणीच समजावलं नाही."

"मग टेक्निकल ना?"

"छे, छे. टेक्निकल म्हणजे जे आम्हाला समजत नाही ते. तुमचं तर समजलं. सोमवारी भोपाळ."

प्रतापरावांनी तिथेच उभ्याउभ्या अर्ज लिहिला: 'विनंती की, आज रोजी आपणांस जे समजले ते तत्काळ विसरण्यात यावे, व विसरल्याची सही-शिक्क्यानिशी पोच अर्जदारास देण्यात यावी.'